पद हवे असेल, तर आधी कागद दाखवा

गेल्या महिन्यात म्हसा येथे आपल्या चळवळीच्या मुरबाड-शहापूर गटाची बैठक झाली. तिथे मी एक प्रश्न विचारला. ९ मे २०१४ या तारखेला आपल्या आमदारांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयात काय घडले, हे कोणाला माहीत आहे? एकही हात वर आला नाही. बैठकीला वकील होते, दोन निवृत्त शिक्षक होते आणि रोज तीन वर्तमानपत्रे वाचणारे एक चाचाही होते.

त्या दिवशी किसन कथोरे यांचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. कथोरे २००४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या तिकिटावर अंबरनाथमधून विधानसभेवर निवडून आले होते. उमेदवारी अर्जासोबत दिलेल्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी काही गोष्टी सांगितल्या नाहीत, अशी निवडणूक याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्दबातल ठरवली. आक्षेप मुख्यतः चार गोष्टींवर होते: थकलेले वीजबिल, पत्नीच्या नावावरचा बंगला, पत्नीच्याच नावावरची गाडी आणि भागीदारी फर्मची मालमत्ता. सर्वोच्च न्यायालयाने सगळे आक्षेप एकाच तराजूत घातले नाहीत. वीजबिलाबद्दल मुळातच वाद चालू होता, त्यामुळे ते न लिहिणे गंभीर नाही, असे न्यायालय म्हणाले. बंगला आणि गाडी न सांगणे मात्र गंभीर आहे आणि त्यामुळे निवडणूक टिकत नाही, असा निकाल दिला.

याच निकालाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट पक्की केली. अर्जांची छाननी होते तेव्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खोलवर चौकशी करायला वेळ नसतो. तो अर्ज मंजूर करतो. पण पुढे माहिती दडवल्याचे सिद्ध झाले, तर ती मंजुरीच मुळात चुकीची होती असे धरता येते. म्हणजे छाननीतून सुटलात म्हणून कायमचे सुटलात, असे नाही.

आता दुसरी बाजू. निकाल लागला तेव्हा २००४ च्या विधानसभेची मुदत संपून साडेचार वर्षे होऊन गेली होती. मधल्या काळात मतदारसंघांची फेररचना झाली आणि कथोरे २००९ मध्ये मुरबाडमधून निवडून आले. निकालानंतर पाच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, ते भाजपच्या तिकिटावर पुन्हा निवडून आले. २०१९ आणि २०२४ मध्येही तेच. तो निकाल फौजदारी शिक्षेचा नव्हता, त्याने त्यांना पुढच्या निवडणुका लढवण्यापासून अडवले नव्हते आणि लोकांनी त्यांना मते दिली. तो लोकांचा अधिकार आहे. माझी तक्रार कथोरेंविषयी नाही. प्रतिज्ञापत्रातल्या खरेपणाबद्दल देशभर दाखला म्हणून वापरला जाणारा एक निकाल आपल्याच आमदारांच्या खटल्यात लागला आणि आपल्या गावांत त्याची चर्चाही झाली नाही, याची आहे.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. निवडणूक लढवणाऱ्याला निदान काही लिहून द्यावे लागते. फॉर्म २६ मध्ये प्रलंबित गुन्हे, झालेल्या शिक्षा, स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, सरकारी थकबाकी, शिक्षण हे सगळे शपथेवर सांगावे लागते. हे सहज मिळालेले नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदाराला उमेदवाराची माहिती मिळालीच पाहिजे असे म्हटले, तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले आणि त्यांनी निकाल निष्प्रभ करणारा कायदा केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तोही मोडीत काढला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली खोट्या प्रतिज्ञापत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. शिक्षा होते किती जणांना, हा प्रश्न निराळा. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन खटल्यांचा उल्लेख नव्हता. ते प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा चालवायला लावले आणि २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. निकाल काहीही असो, प्रश्न विचारायला एक कागद होता, त्यावर सही होती.

ज्यांना निवडून यावेच लागत नाही, त्यांचे काय?

विधान परिषदेवर राज्यपाल बारा सदस्य नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतले जाणते लोक तिथे यावेत, असे घटनेच्या कलम १७१ मध्ये आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने बारा नावे पाठवली आणि ती राजभवनात पडून राहिली. राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यायला हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. तरी काही झाले नाही. सरकार बदलल्यावर यादीच मागे घेतली गेली. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर व्हायला काही तास उरले असताना, सात जणांचा शपथविधी झाला. त्यात मिरजेचे इद्रिस नायकवडी होते. विधान परिषदेत आपल्या समाजाचा माणूस गेला याचा अनेकांना आनंद झाला, मलाही झाला. पण या चार वर्षांच्या रस्सीखेचीत एक प्रश्न कोणीच विचारला नाही. या लोकांनी स्वतःविषयी शपथेवर काय सांगितले? उत्तर असे की नियुक्त सदस्य उमेदवारी अर्ज भरत नाही, त्यामुळे फॉर्म २६ ही भरत नाही. सातांपैकी काही जण आधी निवडणुका लढलेले होते, म्हणून त्यांची जुनी प्रतिज्ञापत्रे शोधली तर सापडतात. तो निव्वळ योगायोग.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष मंत्री किंवा न्यायाधीश नेमतो, तेव्हा सिनेटची संमती लागते. उमेदवाराला समितीपुढे बसवतात, उघड्यावर प्रश्न विचारतात. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरलपदासाठी झोई बेअर्ड यांचे नाव दिले. त्यांनी घरकामाला कागदपत्रे नसलेले दांपत्य ठेवले होते आणि त्यांचा सामाजिक सुरक्षेचा कर भरला नव्हता. हे बेअर्ड यांनी लपवले नव्हते, नेमणाऱ्यांना आधीच सांगितले होते. नेमणाऱ्यांना ते चालले, लोकांना चालले नाही आणि नाव मागे घ्यावे लागले. मला या प्रसंगात रस आहे तो एवढ्यासाठी की निर्णय उघड माहितीवर झाला. तिथले सगळे आलबेल आहे असे अजिबात नाही. गोल गोल उत्तरे देऊन सुनावणी पार पाडण्याची कला तिथल्या उमेदवारांनी चांगलीच साधली आहे, आणि ज्या पक्षाचे बहुमत त्या पक्षाचा माणूस बहुधा पास होतो.

आपल्या घटना समितीत हा विचार झाला होता. २४ मे १९४९ ला न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा होती. मद्रासचे मुस्लिम लीगचे सदस्य बी. पोकर साहेब यांनी सरन्यायाधीशांची सहमती सक्तीची करावी अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी उत्तरात तीन पर्याय तपासले. प्रत्येक नेमणूक कायदेमंडळाच्या संमतीवर टाकली तर काम अवघड होईलच, शिवाय राजकीय दबाव शिरेल, म्हणून अमेरिकी वाट नको, असे त्यांचे म्हणणे होते. आणि सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, त्याच्या हातात नकाराधिकार देणेही बरोबर नाही. पोकर साहेबांची दुरुस्ती पडली. बाबासाहेबांचा युक्तिवाद मला पटतो. सभागृहात मतदान घेऊन नेमणुका करा, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे संमतीचे मतदान टाळले, ते ठीक. पण त्याच्यासोबत उमेदवाराला खरे सांगायला लावणारा टप्पाही गेला. पहिल्याशिवाय दुसरा ठेवता आला असता.

तो टप्पा नसला की काय होते, ते पी. जे. थॉमस प्रकरणात दिसले. सप्टेंबर २०१० मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त, म्हणजे भ्रष्टाचारावर नजर ठेवणारा देशातला सर्वांत वरचा अधिकारी, निवडायचा होता. निवड समितीत पंतप्रधान मनमोहन सिंग, गृहमंत्री चिदंबरम आणि विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज होत्या. केरळच्या पामोलीन आयात प्रकरणात थॉमस आरोपी होते. समितीपुढे ठेवलेल्या परिचयपत्रात त्याचा उल्लेखच नव्हता. स्वराज यांनी लेखी विरोध नोंदवला, तरी दोन विरुद्ध एक अशी नेमणूक झाली. ३ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयाने थॉमस यांना दोषी ठरवले नाही. संस्थेची सचोटी पाहायला हवी होती आणि त्यासाठी आवश्यक ती माहिती समितीपुढे आलीच नाही, असे सांगितले. हा फरक आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा. माणूस गुन्हेगार आहे का, हे न्यायालय ठरवील. नेमणाऱ्यासमोर खरे ठेवले का, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

ही झाली दिल्ली-मुंबईची गोष्ट. तालुक्याच्या पातळीवर हा विषय रोजचा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची तालुका समिती घ्या. तिचे अशासकीय सदस्य पालकमंत्र्यांच्या शिफारशीने येतात. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरची एखादी कातकरी किंवा ठाकूर विधवा, किंवा आपल्याच मोहल्ल्यातली तलाक झालेली बाई महिन्याच्या दीड हजार रुपयांसाठी अर्ज करते. तिला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि वर्षानुवर्षे त्याची मर्यादा होती वर्षाला २१ हजार रुपये. रहिवासाचा पुरावा, पतीच्या मृत्यूचा दाखला, मुलांची वये, स्वयंघोषणापत्र. मग दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला. ज्या टेबलावर तिचे कागद तपासले जातात, त्या टेबलाच्या पलीकडे बसलेल्या सदस्याने स्वतःविषयी काय लिहून दिले आहे? दीड हजारासाठी तिने आपले सगळे घर उघडे करायचे आणि ते मंजूर-नामंजूर करणाऱ्याने काही सांगायचे नाही, ही आपली व्यवस्था आहे. विशेष कार्यकारी अधिकारी, नगरपंचायतीतले स्वीकृत नगरसेवक, निरनिराळ्या महामंडळांचे आणि समित्यांचे सदस्य, सगळीकडे कमीअधिक हाच प्रकार. तिथे पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होत असेलही. पण ती फाइलमध्ये राहते, लोकांपुढे येत नाही.

आणि वक्फ. पूर्वी राज्य वक्फ मंडळाचे काही सदस्य मुस्लिम खासदार, आमदार, वकील आणि मुतवल्ली यांच्या मतदारगणांतून निवडून येत. २०२५ च्या दुरुस्तीने निवडणूक काढून टाकली, आता मंडळ सरकारनियुक्त. या दुरुस्तीविरुद्ध आपण मोर्चे काढले, ते योग्यच होते आणि न्यायालयात लढाई चालू आहे. पण तोवर नेमणुका होणारच आहेत. मंडळावर आपल्यातले लोकही जाणार आहेत. वक्फची जमीन बळकावल्याचे सिद्ध झालेला किंवा गैरकारभारामुळे मुतवल्ली पदावरून काढलेला माणूस मंडळावर येऊ नये, अशा अपात्रता कायद्यात पूर्वीपासून होत्या. सिद्ध होईपर्यंतचे काय? भावाच्या नावावर वक्फचा गाळा महिना दोनशे रुपये भाड्याने आहे, हे कोणी विचारायचे?

म्हसाच्या बैठकीत नेमका यावरच वाद झाला. तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या नियुक्त पदांसाठी तीन जणांना आपल्या चळवळीचे शिफारसपत्र हवे होते. मी सुचवले की पत्र देण्याआधी तिघांनी फॉर्म २६ मध्ये असते तेवढी माहिती साध्या कागदावर सही करून द्यावी आणि ती आपल्या या मासिकात छापावी. एका ज्येष्ठ सभासदांनी कडक विरोध केला. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे सांगतो, कारण ते पोकळ नाही. ते म्हणाले, "साहेब, आपल्याला आधीच कोणी विचारत नाही. शंभर खुर्च्यांमधली एक आपल्या वाट्याला येते. बाकीच्या नव्व्याण्णवांना कोणी काही विचारत नाही आणि आपल्या एकाला आपणच उभा करून झडती घ्यायची? आणि छापलेला कागद उद्या कोणाच्या हातात जाईल?"

पहिल्या मुद्द्याला मी उत्तर दिले ते अंतुलेंचे. बॅरिस्टर ए. आर. अंतुले १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले तेव्हा कोकणातल्या मुस्लिम घरांत मिठाई वाटली गेली. माणूस कर्तबगार होता, निर्णय झपाट्याने घ्यायचा, याबद्दल त्यांचे विरोधकही शंका घेत नाहीत. मग ऑगस्ट १९८१ मध्ये त्यांच्या प्रतिष्ठानच्या देणग्या आणि सिमेंटचा कोटा यांचा संबंध 'इंडियन एक्सप्रेस'ने छापला. जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि त्यांना पायउतार व्हावे लागले. पुढचा फौजदारी खटला वर्षानुवर्षे रेंगाळला, १९८८ मध्ये त्यातला एक आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी अंतुलेंच्या बाजूने फिरवला. आपल्यातले कितीतरी लोक आजही म्हणतात, "मुसलमान होता म्हणून काढला." देणग्या तर सगळेच घेत होते, हेही खरे असेल. पण पहिल्या दिवसापासून आपल्यातल्या कोणी त्यांना प्रतिष्ठानचा हिशेब उघड मांडायला लावला असता, तर एक चांगला मुख्यमंत्री कदाचित टिकला असता. आपला म्हणून आपण विचारले नाही. परक्यांनी विचारले, तोवर उशीर झाला होता. त्यानंतर आजतागायत महाराष्ट्राला मुस्लिम मुख्यमंत्री मिळालेला नाही.

दुसरा मुद्दा, कागद कोणाच्या हातात जाईल हा, मला जास्त अडचणीचा वाटतो. आपल्या तरुणांवर मोर्च्यांमधले, सभांमधले गुन्हे दाखल आहेत. कोणाचे नाव कुठल्या एफआयआरमध्ये का गेले हे आपल्याला माहीत असते, समाजमाध्यमांवर बसलेल्यांना माहीत करून घ्यायचे नसते. माझे मत असे की तरीही सांगावे. गुन्हा दाखल असणे म्हणजे गुन्हा केलेला असणे नव्हे, हे आपण इतरांना सांगत असतो, तर स्वतःच्या कागदावरही ते निर्भयपणे लिहावे. "अमुक आंदोलनात सहभागी होतो, अमुक कलमे लावली, खटला चालू आहे." यात लाज कसली? पण घराचा पत्ता, मुलांची नावे, खात्यांचे क्रमांक छापायचे नाहीत, एवढी दुरुस्ती मी मान्य केली. लहानसहान वस्तूंची यादीही नको. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचलच्या एका प्रकरणात म्हटले आहे की उमेदवाराने प्रत्येक जंगम वस्तू सांगितलीच पाहिजे असे नाही, मतदाराच्या निर्णयावर परिणाम होईल असे काही दडवले का ते पाहावे. कथोरे प्रकरणातला वीजबिल आणि बंगला यांतला फरक तोच होता. मोटरसायकल विसरली तर चालेल; वक्फचा गाळा विसरता येणार नाही.

बैठकीतल्या एका तरुणाने यावर बैलाचा दाखला दिला आणि तो सगळ्यांना कळला. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या बैलबाजार भरतो. दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात, तो भाव इतरांना कळत नाही. पण बैल मात्र सगळ्यांसमोर उभा असतो. दात बघतात, चालवून बघतात, औताला बसतो का विचारतात, मारका आहे का विचारतात. (२०१५ च्या कायद्यानंतर या बाजारातल्या आपल्या व्यापाऱ्यांचे काय झाले, त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.) आपल्या फिकहमध्ये विक्रेत्याने मालातला ऐब सांगायचाच असतो. सांगितला नाही आणि नंतर कळला, तर सौदा परत फिरवण्याचा खरेदीदाराला हक आहे. ओले धान्य ढिगाच्या आत दडवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) कसे फटकारले, ते मदरशातल्या मुलांनाही ठाऊक असते. बैलाला लावतो ती कसोटी समितीच्या सदस्याला लावू नये, असे कुठे आहे?

आणि पदाबद्दल तर दाखले आणखी स्पष्ट आहेत. जकात गोळा करायला नेमलेला इब्नुल लुत्बिय्या परत येऊन म्हणाला की एवढे तुमचे आणि एवढे मला भेट मिळाले. प्रेषितांनी (स.) मिंबरवरून, सगळ्यांसमोर विचारले की तो आईबापाच्या घरी बसला असता तर या भेटी आल्या असत्या का? हजरत उमर (र.) सुभेदार नेमताना त्याची मालमत्ता लिहून घेत आणि नंतर वाढ दिसली तर त्यातला हिस्सा सरकारजमा करत, हे बलाजुरीने नोंदवले आहे. उमर यांचे सुभेदार म्हणजे कोणी सोमेगोमे नव्हते, त्यांत मोठमोठे सहाबी होते. तरीही त्यांचे कागद लिहून घेतले गेले. आपल्याकडे मशिदीच्या ट्रस्टचा हिशेब विचारला तर फितना पसरवतो म्हणतात.

शेवटी बैठकीत मतदान झाले. प्रस्ताव अकरा विरुद्ध सात असा मंजूर झाला. विरोधातल्या सातांत ते ज्येष्ठ सभासदही होते. चळवळीकडे कोणाला पद देण्याची ताकद नाही, आमच्या पत्राने किती फरक पडतो हेही मला ठाऊक आहे. पण आमचे नाव ज्या पत्रावर असेल, त्याच्या मागे आमच्याच माणसाची सही असलेला एक कागद असेल. प्रलंबित खटले, सरकारी आणि पतसंस्थेची थकबाकी, वक्फ, गायरान किंवा देवस्थानच्या जमिनीशी स्वतःचा किंवा जवळच्या नातेवाइकांचा संबंध, ज्या खात्याशी पदाचा संबंध आहे तिथली ठेकेदारी, एवढे त्यात हवे. खोटे निघाले तर पत्र मागे घेतले जाईल आणि तेही इथेच छापले जाईल. हेच घोषणापत्र सरकारने सर्व नियुक्त सदस्यांकडून, कोणत्याही जातिधर्माच्या, घ्यावे आणि तहसील कार्यालयाच्या फलकावर लावावे, असे निवेदन मुरबाड आणि शहापूरच्या तहसीलदारांना देण्याचेही ठरले. चळवळीच्या पदाधिकाऱ्यांची घोषणापत्रे, माझ्यासकट, पुढच्या अंकात येतील.

अर्ज केलेल्या तिघांपैकी एकाने दुसऱ्याच दिवशी कागद आणून दिला. त्यात २०२० मधल्या एका आंदोलनाचा गुन्हा त्याने स्वतःहून लिहिला आहे. दुसऱ्यांनी पंधरा दिवसांची मुदत मागितली आहे. तिसऱ्यांनी अजून फोन उचललेला नाही.